भीतीच्या शब्दाचं वाचन

आमच्या शब्दकोशाच्या कार्यालयात एक शिस्त आहे. शब्दाचं कुठलंही कार्ड छपाईला जाण्याआधी दोघांनी वाचायचं. एकाने मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्याने प्रतीवर बोट फिरवत पाहायचं, मग दोघांच्या सह्या. वाचायच्या आत्या. नात्याने त्या कोणाच्याच आत्या नव्हत्या, पण तीस वर्षं सगळे तेच म्हणत आले. बघायचं काम माझं.

त्या दुपारी ‘स्त्राखु’ होता. प्राचीन स्लाव्ह भाषेतला भीतीचा शब्द. तो कुठे लिहिलेला सापडत नाही. रशियन, पोलिश अशा तिच्या लेकी-नाती भाषांवरून विद्वानांनी जुळवलाय, म्हणून त्याच्या डोक्यावर ताऱ्याची खूण.

“बस गं,” आत्या म्हणाल्या. “हा बाबा विभक्ती लागली की साड्या बदलाव्यात तसं रूप बदलतो.”

आणि त्या वाचू लागल्या. आवाज असा, की वाटावं देवापुढे नामस्मरण चाललंय. “स्त्राखु, स्त्राखा, स्त्राखोमि. ‘त्या भीतीत’ म्हणायचं तर स्त्रासे. हाक मारायची तर स्त्राशे.” माझं बोट मागोमाग चाललं होतं. एकही चूक नाही.

“मूळ: थिजणे, आखडणे.”

माझं बोट थांबलं. एरवी सुधारणा फक्त आत्यांच्या कार्डावर असे आणि त्या वाचतील तशी मी छपाईच्या प्रतीत करत असे; काल संध्याकाळी मात्र मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या संपादकांनी, दोन्ही प्रतींवर नवी ओळ चिकटवली होती: मूळ अनिश्चित, थिजण्याच्या अर्थाच्या धातूशी नातं असावं, असा एक तर्क. आत्यांच्या हातातल्या कार्डावर ती लाल शाईत होती.

“आत्या,” मी हळूच म्हटलं, “ती ओळ पुन्हा वाचता?”

“मूळ: थिजणे, आखडणे. बहिरी झालीस का?”

त्या वाचत नव्हत्या, पाठ म्हणत होत्या. मी हात त्यांच्या डोळ्यांपुढे हलवला. पापणी हलली नाही. देवा, कधीपासून? या वर्षी चारशे पानं आमच्या सह्यांनी छपाईला गेली होती. सांगितलं तर त्यांची नोकरी जाणार. घरी त्यांना कोणी नाही, आणि हे कार्यालय हेच त्यांचं घर. गप्प राहिले तर कोशात काय काय चुकीचं जाईल?

दारात चप्पल वाजली. मोठे सर.

“झालं का? सह्या करा, छापखान्याचा माणूस खाली थांबलाय.”

आत्यांनी पेन उचललं. टोक कार्डाच्या बाहेर, टेबलाच्या लाकडावर टेकलं. मी त्यांचं मनगट धरलं.

“आत्या, नको.”

त्यांचा हात थंडगार होता. क्षणभर त्या ताठ झाल्या. मग पेन खाली ठेवलं.

“सर,” त्या म्हणाल्या, “मला अक्षर दिसत नाही. वर्ष होत आलं. आता तर पुढचा कागदही दिसत नाही. हिला काही माहीत नव्हतं.”

सर भिंतीला टेकले. “म्हणजे ती चारशे पानं...”

“जुनी कार्डं पाठ आहेत हो. नंतर बदललेली मात्र नाहीत.”

मग सर खाली ओरडले, “आज माल जाणार नाही!” आणि कपाटातून वर्षभराचा पहिला खोका काढून टेबलावर आपटला.

“मी वाचतो. ही बघेल. तुम्ही ऐका, आत्या. पाठ असलेल्या जुन्या ओळीहून वेगळं ऐकू आलं की सांगा, म्हणजे कुठे बदललंय ते तरी कळेल.”

“आणि माझ्या नोकरीचं?” आत्यांनी विचारलं.

सरांनी आत्यांची खुर्ची टेबलाजवळ ओढून दिली. पहिलं कार्ड काढून ते वाचू लागले, आणि मी पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.