हाक मारणारा खोका

आमच्या देवबागच्या शाळेत रोबोटिक्सचं सामान आलं, तेव्हा सगळ्यात आधी घाम फुटला तो मला. ट्रेनिंगला ‘डिझाइन थिंकिंग’ म्हणून जे तासन्‌तास ऐकवलं होतं, ते मी तिसरीच्या पोरांना दोन वाक्यांत सांगून टाकलं. ज्याच्यासाठी करायचं त्याची अडचण आधी नीट बघा, मग करा. आणि फसलं तर रडायचं नाही, सुधारायचं.

विनीतने वाळत घातलेल्या बांगडे-माशांवरचे कावळे हाकलणारं यंत्र केलं. कावळे त्या यंत्रावरच बसायला लागले. अक्षयाने मात्र पुठ्ठ्याचा साधा खोका केला. समोर माणूस आला की सेन्सरला कळायचं आणि खोक्यातून तिनेच रेकॉर्ड केलेला आवाज यायचा, “इलास?” म्हणजे, आलास का?

“ह्यो कोणासाठी गो?” मी विचारलं.

“पप्पांसाठी. ते घराकडे येतत, खळ्यात उभे रवतत आणि परत जातत. आतसून कोण इचारना नाय म्हणान.”

पुढे विचारायची मला गरज नव्हती. अक्षयाची आई दिव्या गणपतीनंतर वारली. अंगणातल्या खळ्यात नवऱ्याचं पाऊल वाजलं की ती आतून “इलास?” विचारायची, हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं. ती गेल्यापासून घराला कुलूप. तिचा नवरा जितेंद्र दिवसभर पर्यटकांची बोट चालवतो आणि खाडीकाठच्या मांगरात, त्या खोपटात, होडीच्या सामानातच झोपतो. अक्षया शेजारच्या रुक्मिणीकाकीकडे. बापलेकीची गाठ पडते ती काकीकडे जेवताना, आणि तेवढ्यात ही बया बोलून बोलून बापाचं डोकं खाते. तिला एवढंच हवं होतं, की बापाने आपल्या घरात पाऊल टाकावं आणि दोघांनी तिथे राहावं.

चाचणीला मी स्वतः गेले. काकीने कुलूप काढून दिलं. खोका पडवीत ठेवून आम्ही दोघी दाराआड लपलो. तिन्हीसांजेला जितेंद्र आला, खळ्यात घुटमळला, मग पायरीपर्यंत आला.

“इलास?”

“इलंय गो,” तो म्हणाला. अगदी सवयीने. चप्पलही काढली. आणि मग त्याला उमगलं. पडवीचा खांब धरून तो आडदांड माणूस हमसून हमसून रडला. चप्पल तिथेच टाकून तो अनवाणी खाडीकडे निघून गेला.

अक्षया रडली नाही. मीच शिकवलं होतं ना!

“फसला, बाई. माजो आवाज आयेसारखो नाय झालो, म्हणान ते गेले. परत रेकॉर्ड करूया.” आणि ती खोक्याशी बसून म्हणून बघायला लागली. “इलास? ... इलास?” दर खेपेला दिव्या थोडी थोडी जवळ येत होती. मला ऐकवेना.

“पुरे गो!” मी ओरडलेच. “पयल्यांदाच तसो झालेलो. अगदी दिव्याचो आवाज. म्हणानच गेले ते.”

तिने खोक्यावरचा हात काढला. मग हळूच म्हणाली, “मगे मी काय पण बोललंय, तरी तेंका आयच आठावतली?”

मी खोका बंद केला आणि तिला घेऊन काकीकडे आले.

काकीने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जितेंद्रही आला, डोळे सुजलेले, आणि पाटावर बसला. अक्षयाने त्याच्यापुढे पाणी ठेवलं आणि बाजूला उभी राहिली. माशाची आमटी झाली, भात झाला, तरी तिच्या तोंडून शाळेतली एक गोष्ट निघेना.

त्याने मान वर केली. “माज्यार रागावलंस काय गो?”

तिने मानेनेच नाही म्हटलं.

“मगे बोल मां काय तरी. तू बोलतंस तेवढाच बरा वाटता माका.”

अक्षयाने माझ्याकडे बघितलं. जितेंद्र वाट बघत होता. तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.