तेलातलं कुंकू

समाधानने बनियनचं टोक ओलं करून प्लॅस्टिकची पेटी घासली, खिडकीच्या उजेडात धरली आणि पुन्हा घासली. कुंकवाचा टिळा निघाला. टिळ्याचं तेल ओघळलं होतं त्या खालच्या कडेला मात्र केसाएवढी लाल रेघ राहिली ती राहिलीच. त्याची आई, सुभद्राबाई, देव्हाऱ्याशी उभ्या होत्या आणि आपलं काही चुकलंय असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

"पाण्यानं निघायचं न्हाई ते," त्या म्हणाल्या. "तेलात कालवलंय. प्लॅस्टिकवर पाण्याचं कुंकू धरत न्हाई."

घरात नवी वस्तू आली की आधी तिला कुंकू, हा सुभद्राबाईंचा नेम. फ्रिजला लागलं, मिक्सरला लागलं, सुनेच्या हेल्मेटलासुद्धा लागलं. मुलगा आणि सून दोघंही कंपनीत, शिफ्टचा मेळ बसेना, म्हणून सहा वर्षांपूर्वी त्या गावाकडून, केजहून, मोशीच्या या चौथ्या मजल्यावर राहायला आल्या. नवरा अण्णासाहेब मागेच राहिले, त्यांना किराणा दुकान सुटत नव्हतं. तेव्हापासून घरात आलेली एकही वस्तू त्यांच्या बोटातून सुटली नव्हती. काल, बुधवारी, पाच वाजता कुरियरवाला आला तेव्हा समाधान सेकंड शिफ्टला होता. सुभद्राबाईंनी पार्सल जपून उघडलं, आतल्या पेटीला टिळा लावला, पेटी देव्हाऱ्यात उभी केली आणि सात वाजता तिचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. 'समाधानचं परदेशी पार्सल आलं.' अठरा जणांनी हात जोडले.

तळहाताएवढ्या त्या पारदर्शक पेटीत एक कार्ड होतं, निळ्या पंखांच्या ड्रॅगनचं. मेंटेनन्समध्ये काम करणाऱ्या चौतीस वर्षांच्या माणसाने असली चित्रं जमवावीत का, हे सगळ्यांनी विचारून झालं होतं आणि समाधानने ते केव्हाच कानाआड केलं होतं. कंपनीत मशीन बसवायला आलेला जपानी इंजिनिअर जाताना त्याच्या हातावर एक कार्ड ठेवून गेला, तिथून हे वेड लागलं. आता अल्बममध्ये दोनशे कार्डं होती आणि निळ्या ड्रॅगनची जागा पाच वर्षं रिकामी होती. भारतात ते मिळेना. शेवटी परदेशातल्या एका ऑनलाइन बाजारात दिसलं, आणि वर्षभराचा ओव्हरटाइम त्यात गेला.

तसा तो काही डोळे मिटून उडी मारणाऱ्यातला नव्हता. तिकडे अशी कार्डं तपासणाऱ्या कंपन्या असतात. कार्ड खरं आहे का ते त्या बघतात, त्याला दर्जाचा आकडा देतात आणि नंबराच्या चिठ्ठीसकट पेटीत कायमचं बंद करून टाकतात. अशी पेटी फोडल्याशिवाय उघडत नाही. विकणाऱ्याला चांगले शेरे होते, चिठ्ठीवरचा नंबर कंपनीच्या यादीत सापडत होता. याहून जास्त माणसाने काय बघायचं?

गुरुवार, म्हणजे सगळ्या औद्योगिक पट्ट्याच्या सुट्टीचा दिवस. सुजित आपली, त्याच कंपनीने बंद केलेली पेटी घेऊन आला. समाधानसारखाच तोही कार्डवेडा, पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये सुपरवायझर. त्याने दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्या आणि मागून मोबाइलची बत्ती लावली. त्याच्या कार्डातून उजेड आला नाही, कारण खऱ्या कार्डाच्या कागदात मधोमध काळा थर असतो. समाधानच्या ड्रॅगनच्या मात्र पोटातून लख्ख उजेड आला. सुजितने बत्ती विझवली आणि पुन्हा लावली.

"भावा, पेटी खरी वाटते," तो शेवटी म्हणाला. "आतला माल बदललाय."

समाधानने त्याच दुपारी तक्रार टाकली. पुरावा म्हणून बत्तीचे फोटो जोडले आणि पार्सल आलं त्या दिवसाचा म्हणून आईचा देव्हाऱ्यातला फोटोही जोडला. सोमवारी विकणाऱ्याचं उत्तर आलं. बत्तीला तो मोजतच नव्हता. पेटी कंपनीने बंद केलेली आहे, ती आजवर कुणीही उघडलेली नाही, तेव्हा आतलं कार्ड खरंच आहे, असं त्याने ठासून लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं की गिऱ्हाइकानेच पेटीला लाल रंग फासून ती खराब केली आहे, हे त्याच्याच फोटोत दिसतं. खराब केलेली वस्तू परत घेतली जाणार नाही. बाजारवाल्यांनी खाली एक ओळ जोडली होती. शुक्रवारपर्यंत नवा पुरावा आला नाही, तर प्रकरण बंद.

समाधानच्या डोक्यात सणक गेली. सुभद्राबाई त्याच्यापुढे चहाचा कप ठेवत होत्या.

"आई, यापुढे माझ्या कशालाच हात लावू नकोस."

एवढंच तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर परवडलं असतं, त्या ओरडण्याला उलट उत्तर देऊन मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी कप ठेवला आणि हात पदराला पुसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कशालाच म्हणजे खरोखर कशालाच हात लावला नाही. डबा सुनेने, विजयश्रीने केला. देव्हाऱ्यातला दिवा विजयश्रीने लावला. मंगळवारी संध्याकाळी सुभद्राबाईंनी सुनेला सांगितलं की मोबाइलवरून रविवारच्या केजच्या गाडीचं तिकीट काढ. पोराचं एवढं नुकसान आपल्या हातानं झालं, आता या घरात कोणत्या तोंडानं वावरू, असं त्या म्हणाल्या आणि खिडकीतून खालच्या बांधकामाकडे बघत बसल्या. विजयश्रीने तिकीट काढलं.

ही विजयश्री चाकणच्या एका कारखान्यात वेल्डिंगची तपासणी करायची. रोज शे-दीडशे जोड तिच्या हाताखालून जात आणि त्यातले पाच-सहा ती लाल पट्टी बांधून परत पाठवी. घरी ती कमी बोलायची. बुधवारी कामावरून आल्यावर तिने पेटी उचलली. निदान डाग तरी काढू, म्हणजे समाधानचा राग उतरेल आणि सासूबाईंचं जाणं टळेल, असा तिचा साधा विचार होता. स्पिरिटने तिने ती लाल रेघ पुसली. रेघ गेली. भाकरी करून ती परत आली, तर रेघ पुन्हा होती.

तिने पुन्हा पुसली, पेटी हातात धरूनच खुर्चीवर बसली आणि नजर काढली नाही. आधी एक लाल ठिपका आला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि हळूहळू ते एकमेकांना मिळाले. हे तर ती रोज बघत होती. वेल्डिंगला केसाएवढी चीर गेली की ती डोळ्याला दिसत नाही. मग त्यावर पातळ लाल औषध लावतात, थोडा वेळ थांबतात, पुसून घेतात आणि वर पांढरी पावडर मारतात. वरचा रंग पुसला जातो. चिरेत शिरलेला रंग परत बाहेर येतो आणि पावडरवर लाल रेघ उमटते.

"समाधान," तिने हाक मारली. "कुंकू पेटीला लागलेलं नाही. पेटीच्या आत गेलंय."

तो आला. त्याला कळायला थोडा वेळ लागला, कळलं तसा तो तिथेच खाली बसला. कायमची बंद असलेली पेटी कुंकू आत घेत नसते. कुणीतरी ती कडेने सोडवली होती, कार्ड बदललं होतं आणि पुन्हा चिकटवली होती. आणि विकणाऱ्याने तर स्वतः लिहून दिलं होतं की पेटी आजवर कुणीही उघडलेली नाही.

गुरुवारी सकाळी सुजित त्याची पेटी घेऊन हजर झाला. फरशीवर पांढरा कपडा अंथरला, मोबाइल स्टुलावर बसवला, टाल्कम पावडरचा डबा आणला. सगळी तयारी झाली, आणि विजयश्री सासूसमोर करंडा घेऊन उभी राहिली.

"आत्या, कुंकू तुम्ही कालवा."

"मला कशाला मधी घेतीस? मी हात लावायचा न्हाई असं ठरलंय."

"आमच्याकडे औषध लावणारा माणूस बदलला की निकाल धरत नाहीत. त्या दिवशी तुमचा हात होता. आजही तुमचाच लागणार."

असला कुठलाही नियम तिच्या कंपनीत नव्हता. तो तिने तिथल्या तिथे बनवला होता, आणि सुजितने अगदी गंभीर चेहऱ्याने मान हलवून त्याला दुजोरा दिला. समाधान भिंतीला टेकून उभा होता. सुभद्राबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने खाली बघितलं, मग स्वयंपाकघरात जाऊन गोडेतेलाची बाटली आणली आणि आईच्या पुढ्यात ठेवली.

सुभद्राबाई मांडी घालून बसल्या. त्यांनी वाटीत चिमूट चिमूट कुंकू टाकलं, तेलाचे थेंब सोडले आणि बोटाने घोटायला लागल्या. किती पातळ, ते त्यांनी कुणाला विचारलं नाही. दोन्ही पेट्यांच्या चारही कडांना त्यांनी एकसारखा हात फिरवला. विजयश्रीने घड्याळ लावलं. वीस मिनिटं चौघंही त्या दोन पेट्यांभोवती बसून राहिले. मग विजयश्रीने दोन्ही पेट्या कोरड्या फडक्याने पुसल्या आणि वर पावडर भुरभुरली.

सुजितची पेटी पांढरीच्या पांढरी राहिली. दुसऱ्या पेटीच्या खालच्या कडेला लाल रेघ फुटली, कोपऱ्यावरून वळली आणि उजव्या बाजूने वर चढत गेली. डावीकडेही तेच झालं. फक्त चिठ्ठीकडची वरची कड तेवढी कोरी राहिली. सुभद्राबाई वाकून बघत होत्या. त्यांनी बोट पुढे केलं, पण पेटीला लावलं नाही.

"तीन बाजूंनी उसवलीय की ही," त्या म्हणाल्या.

विजयश्रीने त्या दुपारी रिपोर्ट लिहिला, कंपनीत लिहिते तसाच. काय असायला हवं, काय आढळलं, कशाने तपासलं, फोटो, व्हिडिओ, निकाल. पार्सल पाचला पोहोचल्याची कुरियरची नोंद आणि सातच्या फोटोत दिसणारी लाल रेघ, ही दोन्ही तिने शेजारी शेजारी लावली. दोन तासांत कुणी पेटी सोडवून, चिकटवून, वाळवून, वर तिची पूजा करत नाही, असं तिने सभ्य इंग्रजीत लिहिलं. विकणाऱ्याचं ते ठासून लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. शेवटी नावं असतात, तीही घातली आणि मुदतीच्या एक दिवस आधी सगळं पाठवून दिलं.

शुक्रवारी काहीच आलं नाही. शनिवारी दुपारपर्यंतही आलं नाही. सुभद्राबाईंनी बॅग भरली आणि दाराशी नेऊन ठेवली. खऱ्या-खोट्याचं काय व्हायचं ते होईल, पण पैसे तर बुडालेच ना, आणि फोटो माझाच ना, असं त्या म्हणत राहिल्या. विजयश्रीने समजावून पाहिलं आणि हात टेकले.

साडेचारला समाधान फर्स्ट शिफ्ट करून आला. बूट न काढताच तो दारात मोबाइलवर काहीतरी वाचत उभा राहिला. वाचून झालं तसं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग त्याने अशी आरोळी ठोकली की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. जिंकलो, सगळे पैसे परत, त्या भामट्याचं दुकानही बंद करून टाकलं, असं तो त्या शेजाऱ्यालाच सांगत सुटला. शेजाऱ्याला काही कळलं नाही, तरी त्याने हात मिळवला. सुजितला फोन झाला. सुजितने कार्डवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं आणि गावोगावहून फोन यायला लागले, हे तेलाचं प्रमाण काय म्हणून. विजयश्री ओट्याशी उभी राहून एकटीच हसत होती, आणि तिला ते हसू आवरत नव्हतं.

सुभद्राबाई बॅगेशेजारी बसल्या होत्या. गलका ओसरल्यावर त्यांनी विचारलं.

"मग चूक कुणाची निघाली?"

समाधानने मोबाइल खाली केला. बूट काढले, बाजूला नीट लावले आणि आईच्या समोर फरशीवर बसला.

"माझी," तो म्हणाला. "त्यांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवू का?"

त्यांनी बॅग बाजूला सरकवली. त्याने इंग्रजीतून एकेक वाक्य सोडवत वाचलं. विक्रेता म्हणतो पेटी कधी उघडलीच नाही. परंतु श्रीमती सुभद्राबाई मिसाळ यांनी केलेल्या चाचणीत पेटी तीन बाजूंनी सोडवून पुन्हा चिकटवल्याचं स्पष्ट दिसतं. या चाचणीच्या आधारे आम्ही विक्रेत्याचं म्हणणं फेटाळत आहोत.

"माझं नाव त्यांना कुणी सांगितलं?"

"रिपोर्टात चाचणी करणाऱ्याचं नाव लागतं, आत्या," विजयश्री ओट्यापासून म्हणाली. हा नियम मात्र खरा होता.

सुभद्राबाईंनी मोबाइल हातात घेतला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. नाव कुठं आहे ते त्यांनी विचारलं, समाधानने दाखवलं, आणि त्या ओळीवर त्या बराच वेळ बघत राहिल्या. डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेही नाहीत. मग बॅगेची चेन उघडली, साड्यांच्या घडीत हात घातला आणि कुंकवाचा करंडा काढला. उठून तो देव्हाऱ्यात जागच्या जागी ठेवला. तेलाच्या बाटलीचं झाकण सैल होतं, तेही घट्ट लावलं.

"उद्या दोघांची फर्स्ट शिफ्ट ना?" त्यांनी विचारलं. "डब्याला काय करू?"