व्याह्यांचा शेवटचा टप्पा

मुलीच्या लग्नातून चष्मेवाल्याला दोन माणसं मिळाली होती : एक जावई आणि एक व्याही. त्यातला जावई टिकला नाही. भांडणतंटा काही नाही. मुलगी आणि जावई दोघांनी एका संध्याकाळी दोन्हीकडच्या आईवडिलांना चहाला बोलावलं आणि आपण वेगळे होतोय हे इतक्या समंजसपणे सांगितलं, की रडावं की टाळ्या वाजवाव्यात हेच कोणाला कळेना. चष्मेवाल्याच्या मनात मात्र बापाला न शोभणारा विचार आला : आता शेवटच्या टप्प्याचं काय?

कारण व्याह्यांबरोबर तो नदीकाठचा सायकलमार्ग करत होता. उगमापासून समुद्रापर्यंत, पण सवडीनं. सुट्टी मिळाली की एक टप्पा. व्याही लिफ्टच्या दुरुस्तीतले. उभं आयुष्य वर-खाली करण्यात गेल्यामुळे त्यांना आडव्या प्रवासाची फार हौस. नियम त्यांचाच : मागच्या वेळी पुढचं चाक जिथे थांबलं, तिथेच ते पुन्हा टेकवायचं. एकदा चष्मेवाल्यानं चाक जरासं पुढे टेकवलं, तर त्यांनी त्याला मागे यायला लावलं. "मधलं कोण करणार? तुमचे तीर्थरूप?"

इतक्या हक्कानं टाकून बोलणारा मित्र चष्मेवाल्याला पन्नाशीनंतर मिळाला होता. तो मुलांच्या सामंजस्यापायी जाणार, या विचारानं त्याची झोप उडाली.

पण ठरलेल्या दिवशी व्याही पुलाखाली हजर होते. चाक टेकवून.

"या," ते म्हणाले. बस, एवढंच.

आता अडचण अशी, की यांना हाक काय मारायची? 'व्याहीबुवा' म्हणणं म्हणजे निवृत्त माणसाच्या दारावरचा जुना हुद्दा मोठ्यानं वाचणं. 'साहेब' म्हटलं तर ते गिऱ्हाईक वाटायचे. 'काका' म्हटलं तर मार बसला असता. शेवटी चष्मेवाल्यानं खाकरून आणि घंटी वाजवून काम भागवलं. पाणी हवंय : खाकरणं. थांबू या : घंटी. अर्धा टप्पा असा मुक्यानं पार पडला.

पुढे रस्ता फुटत होता. डावीकडे दगडाची खाण, उजवीकडे समुद्र. पाटी चांगली हातभर. बरेच पुढे गेलेले व्याही सरळ डावीकडे वळले.

चष्मेवाल्यानं घंटी वाजवली. व्यर्थ.

"अहो!" तो ओरडला. काठावर गळ टाकून बसलेले तिघे दचकून वळले. बहुधा नवरे असावेत. व्याही चाललेच.

"अहो व्याही! व्याहीबुवा! खाणीत जाताय!"

करकचून ब्रेक लागला. व्याही सायकल वळवून आरामात परत आले.

"पाटी दिसली नाही का?" चष्मेवाल्यानं विचारलं. "नंबर वाढला असेल. उद्या दुकानात या."

"नंबर ठीक आहे. सकाळपासून कुत्र्याला बोलावल्यासारखी घंटी वाजवताय. म्हटलं बघू, खाणीत पडेपर्यंत तरी तोंड उघडतं का."

"मुद्दाम गेलात?"

"मग काय? चढ होता तो. गुडघे गेले माझे. चला आता."

चष्मेवाल्यानं चष्मा काढला. काच धुरकटली होती, आणि त्याच्यासारख्या व्यावसायिकाकडे ती पुसायला रुमाल नव्हता. व्याह्यांनी आपला दिला. तेलकट होता. चष्मेवाल्यानं तोच वापरला.

संध्याकाळी दोन्ही चाकं समुद्राच्या पाण्यात टेकली. फिरायला आलेल्या एका बाईंनी हौसेनं त्यांचा फोटो काढला.

"भाऊ-भाऊ का?"

"व्याही," चष्मेवाला घाईनं म्हणाला, दुसऱ्या कोणी काही म्हणायच्या आत.

"अरे वा! मग मुलं नाही आली?"

"त्यांनी मध्येच सोडलं," व्याही म्हणाले. "एका दमात करायला गेली. आम्ही आपले टप्प्याटप्प्यानं."