पनागरच्या प्लॉटवरची पाटी

मी पत्र्याची एक पाटी बोलतेय. माझ्याकडून रडण्याची अपेक्षा ठेवू नका. पत्र्याला ते जमत नाही.

सदर बाजारातल्या पेंटरने माझ्यावर लिहिलं, ‘यह प्लॉट श्रीमती भानुमती का है’. खाली काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवला. त्यावर फोन धरला की जागेचं टोकन, म्हणजे कंप्यूटरमधला मालकीचा दाखला, उघडायचं आणि मालक म्हणून तिचंच नाव दिसायचं.

तिचे यजमान दिवाकरराव निवृत्त होणार होते, सरकारी क्वार्टर सुटणार होतं. म्हणून ही पनागरची जागा. व्यवहार मुलाने, विपुलने, फोनवरच उरकला.

“रजिस्ट्री काहून नाही केली रे?” भानुमतीने विचारलं.

“आई, हे रजिस्ट्रीच्या वरचं आहे. दुनियाभरच्या कंप्यूटरमध्ये तुझं नाव आहे. कोणी मिटवूच शकत नाही.”

ते खरं निघालं. नाव कोणीच मिटवलं नाही.

पहिल्या दिवशी भानुमतीने हद्दीच्या दगडाबाहेर चपला काढल्या, मला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग दर रविवारी यायची. अनवाणी फिरत स्वयंपाकघर कुठे, तुळस कुठे, ते ठरवायची. ढेकळं टोचायची, पण घरात कोणी चपला घालतं का?

टोकन विकणाऱ्यानेच या जागेची रजिस्ट्री दुसऱ्याला करून दिली. तहसिलीत नामांतरण होऊन सरकारी कागदावर त्याचं नावही चढलं. टोकनाला यातलं काही कळलं नाही. मी तर जागेवरच उभी होते, मलाही उपटल्यावरच कळलं.

आता मी पालथी पडलेय. पाठीवर गवंडी सिमेंट-रेतीचा मसाला कालवतात. आधी फावडं लागायचं, आता काही वाटत नाही. तुम्ही कुठे जागा घ्याल तेव्हा माझ्यासारखीवर विसंबू नका, आधी तहसिलीत जाऊन विचारा. माझं मागणं एवढंच.

परवा भानुमती एकटीच आली. मला उलटवून तिने पदराने चौकोन पुसला, फोन धरला. मालक: भानुमती. समोर दुसऱ्याच्या स्वयंपाकघराची भिंत छातीपर्यंत आली होती.

“भैया, ये बोर्ड ले जाऊँ?”

“मालिक से पूछना पड़ेगा, माताजी,” मिस्त्री हळूच म्हणाला. “और चप्पल पहन लो, यहाँ कीलें पड़ी हैं।”

तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. हद्दीच्या दगडापर्यंत गेली, चपला घातल्या आणि मला होते तशी पालथी ठेवायला परत आत आली. त्या जागेवर तिने चपला घातल्या, त्या पहिल्यांदाच.