डाळिंबी की चॉकलेटी?

मी गाडीतली ड्रायव्हरची सीट बोलतेय. उभ्यानंच ऐका, बरं पडेल. बसणाऱ्यांनीच माझी दशा केली होती.

मी अस्सल चामड्याची. ज्या म्हशीचं हे कातडं, तिनं म्हणे हयातीत कुणाला पाठीवर बसू दिलं नाही. मेल्यावर मात्र तिच्या कातड्याची सीट झाली. नशीब म्हणतात ते हेच!

आमच्या घरात माणसं दोन. बाई दातांच्या डॉक्टर. गाडी त्याच चालवतात. साहेब शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबतात. त्यांच्या पायाखालची चटई त्यातच गेली.

वर्षानुवर्षं ऊन खाऊन माझा रंग उडाला, अंगाला भेगा पडल्या. बाई जिथून घसरत उतरतात ती कड तर फाटलीच. आणि मग वाद सुरू झाला, की माझा मूळ रंग कोणता?

"डाळिंबी होता," बाई म्हणायच्या.

"चॉकलेटी! अगं, मीच तर पसंत केला होता."

"म्हणूनच तुम्हाला आठवत नाही."

नवराबायकोला भांडायला काहीतरी लागतंच. या दोघांना मी पुरून उरले.

एके सकाळी साहेबांना माझा पुळका आला. बाई आंघोळीला गेल्याचं बघून त्यांनी बुटांचं चॉकलेटी पॉलिश आणलं आणि डबीच्या डबी मला चोपडली. "बघ, कशी नवरीसारखी दिसतेस!" म्हणून पाठही थोपटली.

बाई पांढरा कोट घालून निघाल्या. दवाखान्यात त्यांनी पाठ वळवली मात्र, तोंडात कापूस कोंबलेला पेशंट खुर्चीत हसून लोळायला लागला. कोटाच्या मागे मी अख्खी उमटले होते, भेगांसकट!

संध्याकाळी माझा निकाल लागला. "उद्या ही भंगारात. रेक्झिनची नवी बसवा."

"अगं, एकदा रंगाऱ्याला दाखवू," साहेब चाचरत म्हणाले.

"दाखवा. पण पुन्हा डाग पडला, तर तिच्याबरोबर तुम्हीही."

त्या रात्री आम्हा दोघांनाही झोप नव्हती.

रंगारी आला. कुठलाही रंग हुबेहूब जुळवणारा माणूस. स्वतःच्या मिशा तेवढ्या डोक्यावरच्या केसांशी जुळल्या नव्हत्या. त्यानं आधी पॉलिश खरवडून काढलं. फाटक्या कडेला आतून ठिगळ चिकटवलं, भेगा बुजवल्या, बारीक पॉलिशपेपरनं घासून मला गुळगुळीत केलं. गुदगुल्या झाल्या, पण वेळ हसण्याची नव्हती.

"मूळ रंग कोणता?" त्यानं विचारलं.

"चॉकलेटी."

"डाळिंबी."

"राहू द्या, हिलाच विचारतो," म्हणत त्यानं हेडरेस्ट उपसून काढला. त्याच्याखाली ऊन कधी पोचलंच नव्हतं. तिथं बोटभर रुंद पट्टा होता, सोललेल्या डाळिंबासारखा लालचुटूक!

साहेबांनी आधी चष्मा पुसला, मग मला पुसलं. पट्टा कसला जातोय!

बाईंनी पहिल्यांदाच माझ्या पाठीवरून मायेनं हात फिरवला. "हिला कुठ्ठं टाकायचं नाही. या घरात माझ्या बाजूनं बोलणारी ही एकटीच आहे."

रंगाऱ्यानं डाळिंबी रंग कालवायला घेतला. साहेब कोपऱ्यात शाळेतून काढलेल्या पोरासारखे उभे. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"थांबा हो दादा. चॉकलेटीच द्या."

साहेब कोपऱ्यातून दोन पावलं पुढे आले. "माझ्यासाठी?"

"हो. फक्त हेडरेस्टखालचा पट्टा तसाच सोडा."

रंग वाळल्यावर रंगाऱ्यानं पांढरा रुमाल माझ्यावर खसाखसा घासून दाखवला. डाग नाही! मी वाचले, साहेबही वाचले.

आता साहेब पाहुण्यांना ऐटीत सांगतात, "हिचा मूळ रंग हाच बरं का." बाई वाद घालत नाहीत. नुसता हेडरेस्टवर हात ठेवतात. साहेबांना लगेच दुसरा विषय आठवतो.

मला हात नाहीत, म्हणून सीटबेल्ट जोडून विनवते: बुटाचं पॉलिश बुटालाच लावा. आणि बायकोशी रंगावरून पैज मारायचीच असेल, तर आधी गुपचूप हेडरेस्ट उचलून बघा.