तळ्याकाठची जमीन

आमच्या तिझ्रित गावात खोटं बोलणारे पुष्कळ आहेत, पण रंगीत कागदावर छापून खोटं बोलणारा मी एकटाच. नाव अस्सू, धंदा जमिनीची दलाली. मेक्नेसच्या छापखान्यातून मी पत्रकं छापून आणली होती: ‘अ‍ॅटलासच्या कुशीत तुमचं घर! दहा मिनिटांवर देवदारांचं जंगल आणि माकडं, वीस मिनिटांवर बर्फाचा उतार, दारात तळं, तळ्यात मासे.’ मजकूर माझाच. तो वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, यावरून माझ्या अकलेची कल्पना यावी.

या वेळी विकायची जमीनही माझीच होती. तळ्याकाठचा तुकडा आजोबांकडून माझ्या वडिलांना आणि तूदा आत्याला सामायिक आला होता. वडिलांचा वाटा आता माझा. तो विकून मेक्नेसला कॉफीचं दुकान टाकायचं आणि थंडी, डोंगर, मेंढ्या यांना कायमचे हात जोडायचे, एवढंच माझं स्वप्न. आत्याला मी यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. कारण आमच्याकडे सामायिक जमीन परक्याला विकली, की दुसरा भागीदार ‘शुफा’चा हक्क मागत उभा राहतो आणि परक्याने दिलेल्याच भावात ती स्वतःकडे घेतो. कायदाच आहे तसा.

गिऱ्हाईक कासाब्लांकाचं होतं. सी लहलू, फरशांचे मोठे व्यापारी. मी त्यांना बोलावलं मंगळवारी, आणि मंगळवार बाजाराचा, हे विसरलो. त्यांच्या गाडीतून जमीन दाखवायला निघालो, तर पहिल्याच वळणावर आत्या मिठाची गोणी घेऊन उभी. म्हाताऱ्या माणसाला रस्त्यात टाकून गाडी पुढे नेणाऱ्याच्या घरी आमच्याकडे कोणी मुलाच्या सुंतेलाही जात नाही. तरी मी दुसरीकडे बघितलं. गाडी थांबवली ती सी लहलूंनीच.

“बसा मावशी, पुढे बसा.”

मी मागे, मांडीवर गोणी घेऊन.

जंगलात मी म्हणालो, “माकडं अगदी गरीब हो आमची.” तेवढ्यात एकाने माझ्या हातातली भाकरी पळवली. उतारावर म्हणालो, “इथे मार्चपर्यंत बर्फ.”

“असं का?” आत्या म्हणाली. दिवसभर ती एवढंच म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी मी घाईघाईने विषय बदलत होतो.

शेवटी आम्ही टेकडीवरून तळं बघितलं. खाली सगळं हिरवंगार.

“पाणी दिसत नाही ते?” सी लहलूंनी विचारलं.

“उन्हाळ्यात जरा मागे सरतं. हिवाळ्यात तुमच्या पायरीला लागेल.”

ते खूश झाले. मी सांगितलेला भाव त्यांनी तिथेच कबूल केला. “उद्याच दस्त लिहून टाकू.”

“कुठल्या जमिनीचा?” आत्याने विचारलं.

मी चपलेकडे बघत राहिलो. तिला ते पुरलं.

“बरं,” ती म्हणाली. “लिहून घ्या दस्त. मग मी शुफा मागते. भाव तोच. सगळा कळप विकते, पण एवढं सगळं असलेली जमीन परक्याला नाही जाऊ देणार. तळं काय, बर्फ काय! अस्सू, इतकी वर्षं मला कळलंच नाही रे.”

पन्नास वर्षं ती त्या मेंढ्यांमागे फिरली होती, आणि आता माझ्या पत्रकापायी त्या विकणार होती. मला स्वतःची मनापासून लाज वाटली. अशी लाज दलालाला परवडत नाही, म्हणून मी नेहमी लाजेपासून लांब असतो.

“आत्या, तळं आटलंय ना! सहा वर्षं झाली,” मी ओरडलो. “मासे नाहीत. बर्फ पडलं तर आठ दिवस. या भावात ही जमीन घेणारा मूर्ख आहे!”

मग सी लहलूंकडे लक्ष गेलं.

ते फार सभ्य गृहस्थ. “मावशी, तुम्हाला घरी सोडतो,” म्हणाले. “याला नाही.”

“नको बाबा. गोणी उचलायला भाचा आहे माझा.”

गाडी गेली. गोणी माझ्या पाठीवर आली. अर्ध्या वाटेत मी विचारलं, “खरंच कळप विकला असतास?”

“वेडा आहेस का? तू विकू दिला नसतास.”

एवढा विश्वास आजवर एकाही गिऱ्हाइकाने माझ्यावर टाकला नव्हता. मी गोणी खाली टेकवून डोळे पुसले. ती संधी साधून आत्या म्हणाली, “तुझ्या वाट्याच्या बदल्यात तीस मेंढ्या देते. बोल.”

“तीस? आत्या, तळ्याकाठची जमीन आहे!”

“कुठलं तळं?”

आत्याच्या नावाने दस्त झाला.

तीस मेंढ्यांवर मेक्नेसला कॉफीचं दुकान निघत नाही. त्यामुळे हल्ली मी पत्रकातली सगळी ठिकाणं रोज पायी बघतो, मेंढ्यांच्या मागून, आणि दुपारी कळप आटलेल्या तळ्यात सोडतो. आत्याच्या परवानगीने, कारण काठ आता तिचा. टेकडीवरून जे हिरवं दिसतं ते गवत आहे, गुडघाभर, आणि अख्ख्या डोंगरात तसं दुसरं नाही. पत्रकात एवढी एक गोष्ट खरी छापता आली असती. ती आत्याला ठाऊक होती, मला नव्हती.