भिंतीवरच्या टिकल्या

रविवारी सकाळी सरलाताईंनी गाडी मागे घेताना शेजाऱ्यांची टपालपेटी आडवी केली, तेव्हा कुठे रुचाला कळलं की आपल्या सासूबाईंची मान उजवीकडे वळतच नाही.

सरलाताई एकाहत्तर वर्षांच्या. अमेरिकेत शॉमबर्गला लेकाकडे, म्हणजे सुशांतकडे आल्यावर, साठी उलटल्यानंतर, त्या गाडी शिकल्या. गेली नऊ वर्षं दर गुरुवारी मैत्रिणींना, शैलजाकाकू आणि चारुताकाकूंना, गाडीत घालून आधी देऊळ, मग भाजी, मग मनाला येईल तिथे असा त्यांचा दौरा निघायचा. त्या दोघींना गाडी येत नव्हती. गाडी नसेल तर या गावात म्हातारं माणूस घरात कोंडलंच म्हणायचं.

खोदून विचारल्यावर गुपित बाहेर पडलं. मागच्या सीटवरून शैलजाकाकू डावी बाजू सांभाळायच्या आणि चारुताकाकू उजवी. गाडी मागे घेताना "येऊ द्या, येऊ द्या, बास!" आणि लेन बदलताना "उजवीकडे रिकामं?" "रिकामं, घाला!" वर्षभर तिघींनी मिळून एक मान चालवली होती आणि घरी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. रविवारी नेमक्या सरलाताई एकट्या होत्या.

सुशांत भडकला. "आई, तिथे एखादं मूल असतं तर? गाडी बंद. किल्ली दे."

सरलाताईंनी वाद घातला नाही. उठल्या आणि किल्ली देवापुढे ठेवली. "मान वळली की मीच उचलेन. नाही वळली तर गाडी विकून टाक."

रुचाने केयाची अपॉइंटमेंट घेतली. केया फिजिओथेरपिस्ट, इथेच जन्मलेली, मराठी जेमतेम. सरलाताईंनी तिला दुखरा उजवा खांदा आणि पाठीचा वरचा भाग दाखवला. तिथे त्यांनी वर्षभरात बामच्या किती बाटल्या जिरवल्या होत्या, देव जाणे. केयाने मान हलवून बघितली, एका जागी दाबलं, आणि कळ थेट खांद्यात गेली.

"आजी, खांदा इज फाइन. प्रॉब्लेम मानेत आहे, पेन खाली ट्रॅव्हल करतं."

"म्हणजे वर्षभर मी भलत्यालाच बाम चोळत होते!" सरलाताई स्वतःवरच हसल्या.

केयाने व्यायाम दिले. हनुवटी मागे ओढायची, खांद्यांची पाती मागे जवळ आणायची, मान दोन्हीकडे हळूहळू वळवायची, जोर करायचा नाही. उशी एकच. "दिवसातून तीनदा, सहा वीक्स. आणि खांदे समोरच. नो चीटिंग, आजी!"

दुसऱ्या दिवशी रुचा ऑफिसातून आली तर सासूबाई जेवणाच्या खुर्चीला ओढणीने बांधलेल्या! ती धावतच गाठ सोडायला गेली.

"अगं, घाबरू नकोस. खांदे आपोआप वळतात मेले. म्हणून बांधून घेतले."

मान वळवून नजर जिथवर पोचली, तिथे त्यांनी रुचाकडून भिंतीवर टिकली लावून घेतली. रुचाने गाडीत बसून अंदाज घेतला. मागचं सगळं नीट दिसायला या खुर्चीवरून नजर खिडकीच्या चौकटीपर्यंत जायला हवी होती. पहिली टिकली तिथून चांगली दोन हात अलीकडे होती.

मग रोज एक टिकली. थंडीने मान धरली त्या आठवड्यात टिकल्या उलट्या सरकल्या. "आजची नको लावायला," रुचा म्हणाली, तर सरलाताई म्हणाल्या, "दिसलं तिथेच लाव." रुचाचा स्वतःचा खांदा लॅपटॉपपुढे बसून दुखायचा, व्यायामाचा कागद दोन वर्षं फ्रिजवर लटकत होता. तिला फार लाज वाटली, आणि या बाईचा त्याहून जास्त अभिमान.

सहा आठवडे झाले. गुरुवारी आई खिडकीत नुसती बसून असते, हे सुशांतला बघवेना. तोच किल्ली घेऊन आला. "आई, पुष्कळ झालं. घे."

सरलाताईंनी हात पुढे केला, थांबल्या, खुर्चीवर बसल्या. ओढणी बांधली. मान वळवली.

"चार बोटं कमी आहे रे," त्या म्हणाल्या आणि किल्ली परत देवापुढे ठेवून आल्या. आपण असतो तर किल्ली घेऊन केव्हाच पळालो असतो, हे रुचाला पक्कं ठाऊक होतं.

आणखी अडीच आठवड्यांनी टिकली चौकटीवर बसली.

त्या गुरुवारी दोन्ही काकू नटूनथटून मागे बसल्या. "आज कुणी तोंडातून ब्र काढायचा नाही," सरलाताईंनी बजावलं. चारुताकाकूंनी तर तोंडावर पदरच दाबून धरला. गाडी हळूहळू मागे यायला लागली. नव्या टपालपेटीजवळ, उजव्या कोपऱ्याला, रुचा मुद्दाम न सांगता जाऊन उभी राहिली होती.

ब्रेक लागला. काच खाली आली.

"रुचा, दिसतेयस मला. हो बाजूला, देवळाला उशीर होतोय."

रुचा बाजूला झाली. डोळे पुसेपर्यंत गाडी कोपऱ्यावरून वळलीसुद्धा.